यंत्र-अवजारे : जीपच्या आतला गंज

गव्हावर तांबेरा दिसला की शेतकरी दुसऱ्या दिवसाची वाट बघत नाही. पण त्याच शेतकऱ्याच्या जीपमध्ये पायाखालच्या पत्र्यावर तांबूस फुगवटे उठलेले असतात, आणि त्यावर गोणपाट टाकून तो वर्षानुवर्षे गाडी चालवीत राहतो. बाहेरून गाडी दसऱ्याला धुतली जाते, तिला झेंडूचा हार पडतो, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक निघते. आत मात्र कोणी डोकावत नाही. गंज नेमका तेथेच घर करतो.

आपल्या खेड्यापाड्यांत जुन्या जीपगाड्या अजून पुष्कळ आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने विलीज जीप मुंबईत जोडायला सुरुवात केली. पुढे त्याच घाटाच्या गाड्या अनेक वर्षे निघत राहिल्या. त्या शेतावर राबल्या, वडापला लागल्या, लग्नात वऱ्हाड घेऊन गेल्या. नव्या गाड्यांत आतून प्लॅस्टिक आणि कापड असते. जुन्या जीपमध्ये मीटरची पाटी, तळ, सीटची चौकट, चाकावरचे कट्टे हा सारा उघडा पत्रा. त्यामुळे तो झिजतोही लवकर, आणि दुरुस्तही घरच्या घरी करता येतो. थोडी हत्यारे, तीन-चार कोरडे दिवस आणि धीर एवढे भांडवल पुरते. या खेपेस हे काम पायरीपायरीने पाहू.

गंज का धरतो

लोखंडाला हवा आणि पाणी दोन्ही मिळाले की गंज धरतो. दोहोंपैकी एक काढून घेतले की गंज थांबतो. रंगाचे काम एवढेच की हवा-पाण्याला पत्र्यापर्यंत पोहोचू न देणे. रंगाला एक जरी चीर पडली तरी पाणी आत शिरते आणि रंगाच्या खालून पसरत जाते. म्हणून वर दिसणारा फुगवटा रुपयाएवढा असला तरी खालचा गंज ताटलीएवढा असू शकतो.

शेतावरच्या गाडीला आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खत. म्युरेट ऑफ पोटॅश हा मिठाचाच भाऊबंद आहे. त्याच्या गोणीतून सांडलेले चार दाणे पत्र्याच्या सांध्यात बसले की हवेतला ओलावा ओढून घेतात आणि मीठ लोखंडाला खाते तसेच खातात. युरियाही ओलावा धरतो. फवारणीचा पंप गळका असेल तर विचारूच नका. बोर्डो मिश्रण तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी आपण त्यात विळ्याचे पाते बुडवून बघतो. पात्यावर तांब्याचा थर चढला तर चुना कमी पडला असे समजतो. हा थर चढताना लोखंडाचा अंश विरघळून मोरचुदाच्या पाण्यात जात असतो. मोरचुदाचे पाणी जीपच्या तळाला सांडले की तेथेही हेच घडते. विळा आपण लगेच पुसतो, जीपचा तळ कोण पुसतो?

आधी टोचून बघा

रंगाचा डबा आणण्याआधी एक परीक्षा करायची. जाजम, गोणपाट, रबरी मॅट सगळे बाहेर काढा. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि जेथे जेथे फुगवटा किंवा तांबूस डाग असेल तेथे बेताच्या जोराने टोचा. तीन जागा विशेष बघायच्या : ड्रायव्हरच्या टाचेखालचा पत्रा, सीट जेथे बोल्टने आवळली आहे ती जागा, आणि तळ व बाजू मिळतात तो कोपरा.

टोक टणकन अडले तर गंज वरवरचा आहे. ते काम तुमचे. टोक आत रुतले, पत्रा पापडासारखा तुटला किंवा भोक पडले, तर ते काम रंगाचे नाही, वेल्डिंगचे आहे. अशा पत्र्यावर लांबी भरून वर रंग फासणे म्हणजे पडक्या भिंतीला चुना लावणे होय. दिसायला छान, पण भिंत पडायची ती पडणारच.

हे इतके ठासून सांगण्याचे कारण असे की प्रश्न दिसण्याचा नाही, जिवाचा आहे. सीटखालचा पत्रा कुजला असेल तर जोराने ब्रेक लावताच सीट माणसासकट पुढे येते. तळाला भोक असेल आणि सायलेन्सरचा पाइप कोठे फुटलेला असेल तर धूर आत येतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. पेट्रोलच्या इंजिनात त्याचे प्रमाण जास्त, डिझेलमध्ये कमी, पण धूर दोन्हींचा वाईटच. या वायूला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि बंद गाडीत तो साचला तर माणूस झोपेतच जातो. रात्रीच्या प्रवासात मुले मागे तळावर अंथरूण घालून झोपतात. तळाचे भोक गोणपाटाने झाकले म्हणून धूर अडत नाही. गाडीत बसल्यावर वरचेवर डोके जड होत असेल तर काचा उघडा, गाडी थांबवून बाहेर पडा, आणि तळ व सायलेन्सर दोन्ही तपासून घ्या.

वेल्डिंगला गाडी नेताना एक गोष्ट विसरू नका. जुन्या जीपमध्ये इंधनाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच असते. टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय तेथे वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावू देऊ नका. “टाकी रिकामी आहे, काही होत नाही,” असे कोणी म्हटले तर ऐकू नका. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते आणि भडका वाफेचाच उडतो.

तयारी

दिवाळीनंतरचे कोरडे दिवस या कामाला उत्तम. पावसाळ्यात दमट हवेमुळे रंग पांढरट पडतो आणि नीट वाळत नाही. वैशाखाच्या भर उन्हात तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढला तर रंग पसरण्याआधीच वरून सुकतो आणि ब्रशाच्या रेघा राहतात. सकाळी दव वाळल्यावर, सावलीत, हवा खेळती असेल अशा जागी काम करावे.

पहिले काम, बॅटरीची वायर सोडणे. जी वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते ती आधी सोडावी. म्हणजे दुसरी सोडताना पाना पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. मग सीटा, मॅट, हँडले, जे जे सुटेल ते सोडवावे. प्रत्येक जागेचे स्क्रू वेगळ्या डबीत ठेवून डबीवर चिठ्ठी चिकटवावी. मीटरच्या मागच्या तारा सोडायच्या असतील तर त्यांना रंगीत दोरे बांधून खूण करावी, किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. घरातल्या शाळकरी मुलाला हे काम द्या. तो आवडीने करील आणि चार गोष्टी शिकेल.

सामान असे : तारेचा ब्रश, पत्र्याची पट्टी, 80, 120 आणि 220 नंबरचा पॉलिश पेपर, 400 नंबरचा वॉटर पेपर, धुण्याचा सोडा, रेड ऑक्साइड प्रायमर अर्धा लिटर, सिंथेटिक एनॅमल रंग एक लिटर, त्याला लागणारे टर्पेंटाइन, दोन इंची चांगला ब्रश, चिकटपट्टी, जुनी वर्तमानपत्रे, हातमोजे, चष्मा आणि नाका-तोंडाला मास्क. जीपच्या आतल्या भागाला दोन हात द्यायला एवढा रंग बहुधा पुरतो.

धुणे, मग घासणे

येथे बहुतेक जण उलटे करतात. आधी घासतात, मग पुसतात. त्यामुळे पत्र्यावरचे ग्रीस आणि खताचा अंश घासण्याबरोबर आणखी आत बसतो. क्रम असा ठेवा : आधी पाणी, मग तेलकटपणा काढणे, मग घासणे.

खताचे मीठ डिझेलने निघत नाही, ते पाण्यातच विरघळते. म्हणून सांधे आणि कोपरे साध्या पाण्याने भरपूर धुवावेत. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडक्याने ग्रीस काढावे. सोडा हाताला झोंबतो, मोजे घालावेत. चिवट ग्रीसला थोडे डिझेल लावून नंतर सोड्याने पुन्हा धुवावे. पेट्रोलने मात्र काही धुवू नये. गाडी पुसून एक दिवस चांगली वाळू द्यावी.

आता पट्टीने फुगलेला रंग खरवडावा, तारेच्या ब्रशने गंज झाडावा आणि 80 नंबरच्या पेपरने पत्रा उघडा पडेपर्यंत घासावे. त्यामागून 120, मग 220. जेथे रंग शाबूत आहे तेथे खरवडण्याची गरज नाही. फक्त चमक मरेपर्यंत वॉटर पेपरने घासावे, म्हणजे नवा रंग धरेल. चांगला रंग आणि उघडा पत्रा यांच्यामधली कड बोटाला लागेनाशी झाली पाहिजे. डोळे मिटून बोट फिरवा. डोळ्यांना न दिसणारी कड बोटाला कळते.

जुन्या रंगाच्या भुकटीबद्दल एक इशारा. पूर्वीच्या रंगांत शिसे वापरले जाई. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्या देशात कडक मर्यादा घालणारे नियम 2016 साली झाले. जुन्या गाडीच्या रंगात शिसे असू शकते असेच धरून चालावे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, गरोदर बाईलाही ती वाईट. म्हणून जुना रंग पाणी लावून ओला घासावा, म्हणजे धूळ उडत नाही, आणि उघडा पडलेला पत्रा लगेच पुसून कोरडा करावा. काम अंगणात, विहिरीजवळ किंवा गोठ्याशी करू नये. खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा आणि खरवड गोळा करून, बंद पिशवीत घालून टाकावी. शेणखताच्या उकिरड्यात ती जाऊ देऊ नये, आणि चुलीत तर मुळीच घालू नये. कामाचे कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत.

खड्ड्यांत बसलेला काळा गंज पेपरने निघत नाही. त्यासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेले गंजनाशक हार्डवेअरच्या दुकानात मिळते. ते उरलेल्या गंजाचा काळपट थर करते आणि त्यावर प्रायमर धरतो. डब्यावर लिहिल्याप्रमाणेच वापरावे. लोखंडी स्क्रू आणि बोल्ट यांना घरचा उपाय पुरतो. एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात काही तास ठेवावेत, मधूनमधून बघावे, गंज सुटला की सोड्याच्या पाण्यात बुचकळून, पुसून, उन्हात वाळवून तेलाचा हात द्यावा. ओले ठेवले तर तासाभरात पुन्हा तांबूस होतात. संडास धुण्याचे आम्ल वापरण्याचा मोह आवरावा. त्याच्या वाफेने शेजारची हत्यारेही गंजतात, स्प्रिंगा ठिसूळ होतात, आणि फुप्फुसाला त्रास होतो तो वेगळाच.

प्रायमर आणि रंग

उघडा पत्रा एक रात्रही तसा ठेवू नये. त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. आधी टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, वाळू द्या, मग पातळ हात द्या. त्यानंतर पत्र्याला हाताचा घाम लागू देऊ नका. प्रायमर वाळल्यावर लहान खड्डे असतील तेथे लांबी भरा. लांबी पातळ थरांनी भरावी, एकदम जाड भरली तर तडकते. वाळली की 220 ने, मग 400 च्या वॉटर पेपरने घासून सपाट करा आणि वर पुन्हा प्रायमरचा हात द्या.

प्रायमर हा काही शेवटचा रंग नव्हे. पुष्कळ ट्रॉल्या नुसत्या रेड ऑक्साइडवर दोन-तीन पावसाळे काढताना दिसतात. या थराला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत जाते आणि लाल रंगाखालचा लाल गंज दिसतही नाही. म्हणून प्रायमर पुरता वाळला की रंग द्यायलाच हवा.

रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा नेहमी चांगले. जाड रंगाला ओघळ येतात आणि आतून तो कच्चा राहतो. पहिला हात दिल्यावर एक पूर्ण दिवस थांबा, 400 च्या पेपरने हलकेच घासा, पुसा, मग दुसरा हात. एनॅमल रंगात टर्पेंटाइनच घालावे. गॅरेजमध्ये फवाऱ्याने मारतात तो लॅकर रंग आणि त्याचा थिनर वेगळा. वाळलेल्या एनॅमलवर तो मारला तर खालचा रंग सुरकुतून उठतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आधी कोणता रंग आहे हे समजत नसेल तर कोपऱ्यात थोडा लावून दुसऱ्या दिवशी बघावे.

मीटरच्या पाटीच्या वरच्या कडेला चकचकीत रंग देऊ नये. दुपारचे ऊन त्यावर पडून समोरच्या काचेत उलटते आणि रस्ता दिसत नाही. तेथे गडद, बिनचमकीचा रंग द्यावा. तळाला एनॅमलवर आणखी एक डांबरी रंगाचा हात दिला तर चिखलाच्या बुटांना तो चांगला टिकतो.

गिअरचा दांडा, हँडब्रेकची मूठ, सीटची चौकट या भागांना सतत हात आणि अंग लागते. तेथे ब्रशाचा रंग लवकर झिजतो. हे भाग सुटे करून तालुक्याच्या गावी पावडर कोटिंग करून घ्यावेत. खिडक्यांची ग्रिले, खुर्च्या करणारे कारखानदार ते करतात. भाग भट्टीत तापवावा लागतो, म्हणून त्यावरचे रबर, प्लॅस्टिक, स्प्रिंग, कापड सगळे आधी काढून द्यावे.

रंगाने भिजलेल्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. एनॅमल आणि जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडतात. ढिगात ती कोंडली की चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. शेजारी कडबा असेल तर पुढचे सांगायला नको. चिंध्या मोकळ्यावर एकेक पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात.

चकचकीत हँडले

दरवाजाची हँडले, काचेच्या कड्या, आरशाच्या चौकटी यांवर क्रोमचा मुलामा असतो. हा मुलामा फार पातळ असतो, त्याच्या खाली निकेल असते आणि पुष्कळदा त्याखाली तांबे. बारीक तांबूस ठिपके असतील तर स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा चांदीसारखा कागद चुरगाळून, पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून चरे पडत नाहीत, आणि ठिपके निघतात. मग कोरडे पुसून मेणाचे पॉलिश लावावे. पॉलिश पेपर किंवा भांड्यांची तारेची घासणी क्रोमला लावू नये.

घासल्यावर पिवळसर झाक दिसली तर क्रोम संपून निकेल उघडे पडले आहे. तांबडी झाक दिसली तर निकेलही गेले. अशा भागाला घरी उपाय नाही. मुलामा देणाऱ्याकडेच तो द्यावा. भाग पांढरट भुकटीने फुगला असेल तर आतला धातू लोखंड नसून जस्ताचा ओतीव आहे असे समजावे. त्याला लिंबूसत्त्वात बुडवू नये, आम्ल जस्ताला खाऊन टाकते.

काय रंगवू नये

हौसेच्या भरात ब्रश सगळीकडे फिरतो, म्हणून हे आधीच ठरवून ठेवा. चॅसिस नंबरची पाटी आणि ठोकलेला नंबर यांवर घासू नका, रंगही देऊ नका. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी नवी करताना हा नंबर तपासतात. तो वाचता आला नाही तर मालकालाच खेटे घालावे लागतात. बोल्टांचे आटे, ब्रेक-क्लचच्या पायट्यांच्या बिजागऱ्या, सीटचा सरक मार्ग, आणि तारा जेथे पत्र्याला आवळल्या आहेत त्या जागा कोऱ्या ठेवा. त्या तारेखाली रंग गेला तर दिवे मंद होतात आणि दोष मात्र बॅटरीला दिला जातो. बाहेरचा रंग बदलण्याचा विचार असेल तर त्याची नोंद आर. सी. मध्ये करून घ्यावी लागते हेही ध्यानात असू द्या.

राखले तर टिकते

इतके करून पुन्हा वर ओले गोणपाट टाकले तर दोन पावसाळ्यांत गाडी जेथल्या तेथे येईल. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा मॅट उचलून तळ वाळवा. तळाला पाणी जायची भोके असतील तर ती चिखलाने बुजली नाहीत ना ते बघा. खताच्या गोण्या न्यायच्या असतील तर खाली प्लॅस्टिक अंथरा आणि उतरवल्यावर तळ पाण्याने धुऊन वाळवा. फवारणीचा पंप गाडीत आडवा टाकू नका. उरलेला रंग लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे त्यावर साय धरत नाही. एखादा ओरखडा दिसला की काडीच्या टोकाने त्यावर रंगाचा ठिपका द्या. त्या एका ठिपक्याला दोन मिनिटे लागतात. तो चुकला तर पुढल्या वर्षी दोन दिवस लागतील, आणि त्यानंतर वेल्डिंगवाला.

येत्या सुट्टीच्या दिवशी रंग आणायची घाई नको. फक्त मॅट उचला आणि स्क्रू-ड्रायव्हरने तळ टोचून बघा. त्या गाडीत आपलीच माणसे बसतात.